अकरा नर

तार्गिस्तहून येणाऱ्या गाडीने फाट्यावर सोडलं, तेव्हा यामनाने आधी कडेवरच्या मुलीच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पुन्हा कपाळाला. कालपासून ताप नव्हता. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, आता घरी न्या, खाऊपिऊ घाला. तरी हात आपला जातच होता.

रुग्णालयातल्या त्या चार दिवसांत तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली होती, ती तिने कुणाला सांगितली नसती. सलाईनच्या थेंबांकडे बघता बघता ती मध्येच हिशेब करायची, आज वरच्या पट्टीतली नर झाडं पुरती उमलली असतील. मग स्वतःचीच लाज वाटून मुलीचे तळपाय चोळत बसायची.

वरची पट्टी म्हणजे टेकाडाच्या पाठीमागची, देवदारांच्या आडोशाची खोलगट जागा. खालच्या गावातला वारा आणि त्यासोबतचे पराग तिथे पोचत नसत. आणि खालच्या गावात सगळीकडे खरदाला होतं. बाहेरून आलेलं ते गांजाचं वाण उंच वाढायचं, बोअरचं पाणी घटाघटा प्यायचं आणि राळ मात्र भरपूर द्यायचं. जुनं कीफ, इथला मूळचा गांजा, ज्याला लोक नुसतं बेल्दी म्हणजे आपलं, गावचं म्हणत, ते जेमतेम कमरेएवढं, पावसावर येणारं. ते आता एकट्या बा अल्लालकडे, यामनाच्या सासऱ्यांकडे उरलं होतं. त्यातही गेली दोन वर्षं पाऊस नाही, त्यामुळे दाणा धरला नाही. होतं ते बी तीन वर्षांचं झालेलं. आणखी एक वर्ष ठेवलं असतं तर मेलंच असतं, म्हणून फेब्रुवारीत सगळं पेरून टाकलं. निम्मं उगवलं. घरात एक दाणा मागे राहिला नव्हता.

माद्यांना राळ जास्त यावी म्हणून नर उपटून टाकतात; त्यातले बियांसाठी कुठले राखायचे ते दरवर्षी बा ठरवायचा. या वर्षी म्हणाला, "मला आता नीट दिसत नाही. तू तेतुआनच्या कॉलेजात चार वर्षं झाडंच शिकलीस ना? मग या खेपेला बाप तू निवड."

तिने महिनाभर पाहणी केली. दुपारच्या उन्हात न कोमेजणारी, पेरं जवळ जवळ असलेली, देठ चोळला की बोटांना तो जुना, मिऱ्यासारखा वास येणारी अकरा झाडं राखली. बाकीचे नर स्वतः उपटले. चुकून आपलाच हात पडू नये म्हणून त्या अकरांना लाल लोकर बांधली. कॉलेजच्या बागेत अशीच बांधायचे. ते उमलले, आणि दोन दिवसांत मुलगी तापाने फणफणली.

पायवाट चढताना वरून हसण्याचा आवाज आला. पाचसहा बायका उतरत होत्या, डोक्यावर गोंड्यांच्या टोप्या, कमरेला पट्ट्यापट्ट्यांची फडकी. पुढे शेजारची मिमूना, जिला सगळे खालती म्हणजे मावशी म्हणत.

"आली गं आली! दे इकडे माझी नुहैला. अगंबाई, चिमणीएवढं तोंड झालंय पोरीचं!"

"खालती, तुम्ही... वर कुठे गेला होता?"

"त्वीजा केली तुझ्यासाठी, सगळ्यांनी मिळून काम उरकलं! तू नाहीस, नवरा तिकडे स्पेनमध्ये टोमॅटो खुडतोय, म्हाताऱ्याचा गुडघा हा असा. मग आम्ही काय हाताची घडी घालून बसायचं?"

"आणि बाच्या हातचा चहा प्यायलो," मिमूनाची सून शामा म्हणाली. "साखर विसरला की वाचवली, देव जाणे."

"गप गं, तुझ्या चहाला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही." मिमूना पुन्हा यामनाकडे वळली. "पट्टी कशी लख्ख करून ठेवलीय बघ जाऊन! एक नर शिल्लक नाही. आणि तुझंही कौतुकच बाई. पोरगी तापलेली, तरी जाता जाता लोकर बांधून गेलीस. नाहीतर आम्हाला एकेक हुडकत बसावं लागलं असतं."

यामनाला क्षणभर काही उमगलंच नाही. मग उमगलं. या दरीत बायका दुसरं काम करता करता नर दिसला की त्याला चिंधी नाहीतर लोकर बांधून पुढे जातात. मागून येणारीने तो उपटायचा. यामना माहेरची शफशावनकडची. लग्न होऊन तीन वर्षं झाली, त्यातली निम्मी बाळंतपणात गेली. उपटणीला ती या बायकांबरोबर कधी गेलीच नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मिमूनाच्या बाहीवर पिवळसर भुकटी होती. शामाच्या फडक्यावरही.

"सकाळपासून राबताय?" यामनाने विचारलं.

"आधी आपापल्या शेतातले काढले, मग तशाच वर आलो. हातपाय धुवायला वेळ कुणाला?"

म्हणजे खरदालाचे पराग. आणि वर बेल्दीच्या माद्या पराग धरायला पांढरे धागे बाहेर काढून उभ्या होत्या.

"उपटलेले कुठायत, खालती?"

"तुझ्याच शेळ्यांना टाकले. मिटक्या मारत खाल्ले त्यांनी. का गं? तोंड का उतरलं?"

"काही नाही. दमलेय." यामनाने मुलीला परत घेतलं. "देव तुमच्या आईवडिलांवर दया करो."

"आमीन. जा, पोरीला निजव."

गोठ्यात देठांचे तुकडे राहिले होते. एका शेळीच्या दाढीत लाल धागा अडकला होता. एका देठाला चार फुलं होती. ती तिने तळहातावर झटकली, पुन्हा झटकली. कोमेजलेल्या फुलांतून पराग काही पडले नाहीत. मी गेले नसते तर हे नर वाचले असते, असं पूर्ण वाक्यच तिच्या मनात आलं. त्याच वेळी कडेवरची नुहैला शेळीकडे बोट दाखवून काहीतरी बडबडली. यामनाने तिला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

बा अंगणाच्या कठड्याशी बसला होता. तिने त्याच्या पायाशीच बैठक मारली.

"बा, ती लोकर मी राखायच्या झाडांना बांधली होती."

बाने काठी मांडीवर आडवी घेतली.

"परवा काठी टेकत वर गेलो होतो," तो म्हणाला. "लोकर दिसली. म्हटलं, हे अकरा ही का काढायला सांगतेय? हाताला तर चांगली लागतायत. मग म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, तिला काही दिसलं असेल."

"मग राखायचे कुठले, असं नाही आलं मनात?"

"आलं ना. तू आलीस की विचारणार होतो. तेवढ्यात आज या गात गात आल्या. त्वीजाला आलेल्यांना दारातून कुणी परत पाठवतं का?"

"आपलेही मी जायच्या आधी दोन दिवस उमललेले होते," यामना घाईघाईने म्हणाली. "सहा दिवस धरा सगळे मिळून. थोडं तरी आपलं पडलं असेल. दहा दाण्यांत एखादा तरी आपला असेल."

"दहातला कुठला?"

याचं उत्तर तिला येत होतं. सगळे पेरायचे, लांब कुठेतरी, जिथे खरदाला नाही अशा दरीत. त्यातले निवडायचे, पुन्हा पेरायचे, पुन्हा निवडायचे. आठ वर्षं, दहा वर्षं. तिने तोंड उघडलं. अशी दरी आता कुठे होती? आणि बा शहात्तर वर्षांचा होता. तिने त्याच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"दाणा धरू दे," बा म्हणाला. "राळ निघेल तेवढी काढू. त्यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. मिमूना हाय खाईल."

मग कठड्याला धरून तो उठला आणि खाली हाक मारली, "मिमूना! ए मिमूना!"

"काय बाई झालं आता? चहात साखर घालताय का?"

"तुझ्या बोअरचं पाणी माझ्या वरच्या पट्टीपर्यंत चढेल का? पाइप किती लागेल?"

खाली बायकांनी जिभा हलवत, लग्नात करतात तसा आनंदाचा गजर केला. त्यातून मिमूनाचा आवाज वर आला, "आली बाई म्हाताऱ्याला अक्कल! चढेल, चढेल! खरदालाचं बी पण मीच देते, असं की नुसतं बघत राहाल!"

"दे," बा म्हणाला. ते इतकं हळू होतं की फक्त यामनालाच ऐकू आलं. म्हणून तो पुन्हा, मोठ्याने म्हणाला.