पिकअपमधला इन्व्हर्टर आणि शिवकन्याची मोरी

ही गोष्ट २०१३ सालची. साल माझ्या पक्कं ध्यानात आहे, कारण त्या वर्षी माझ्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि वऱ्हाडाला प्यायला पाणी कुठून आणायचं, या एका प्रश्नावर दोन्ही व्याह्यांनी ते पुढच्या सालावर ढकललं. माणसांचं लग्न थांबवता येतं, जनावरांचं पोट थांबवता येत नाही. शिमग्याच्या आधीच गावातली झाडून सगळी गुरं वडवणीच्या वाटेवरल्या चारा छावणीत गेली आणि गावातले गोठे ओस पडले.

आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती. मी तिची अध्यक्ष. शिकलेली नव्हते फारशी, पण सही वळणदार यायची आणि आवाज मोठा होता, तेवढ्यावर बायकांनी मला निवडून दिलं. संस्थेकडे एक खोली होती, दुधाचा भाव जिच्यावर ठरतो ती फॅट मोजायचं मशीन होतं, वजनाचा काटा होता आणि दूध, पेंड वाहायला जुनी पिकअप होती. ती माझा पुतण्या बद्रीनाथ चालवायचा.

आता गुरं छावणीत आणि मशीन गावात, अशी गत झाली. छावणीतून दूध गावात आणेपर्यंत ऊन चढायचं, आणि आणलं तरी सकाळी लाईट नसायची. कॅनमधलं दूध नासायला लागलं. एक खाजगी दूधवाला मोटारसायकलला कॅन लटकावून छावणीतच यायचा, दुधात बोट बुडवायचा, बोटाकडे बघायचा आणि म्हणायचा, "पातळ हाय." सगळ्यांचंच पातळ! तरी बायका काय करणार, नासण्यापेक्षा बरं म्हणून त्यालाच घालायला लागल्या.

दूध संघाचे सुपरवायझर आले, त्यांनी आमचा दुधाचा उतरलेला आकडा बघितला आणि स्वच्छ सांगून गेले, "बाई, पुढच्या खेपेला येईन तेव्हा छावणीत जागेवर मशीन लागलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर तुमची संस्था वडवणीच्या संस्थेत मिळवून टाकावी लागेल."

मिळवून टाकणे म्हणजे बंदच. वडवणीला रोज दूध घेऊन कोण जाणार?

मला माझं काही नव्हतं. मला दिसत होती शिवकन्या. ही आमच्या भावकीतली सून. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. त्या साली ती पहिल्यांदा मागे राहिली होती. मोरी नावाची म्हैस तिने संस्थेमार्फत घेतली, लेकीला गावच्या शाळेत घातलं आणि नवऱ्याला सांगितलं, तुम्ही जा अर्धा कोयता म्हणून, मी दुधावर घर चालवून दाखवते. संस्था गेली तर मोरी विकायची आणि दिवाळीला पुन्हा लेकीसकट फडात. तिने हे बोलून दाखवलं नव्हतं. पण सुपरवायझर गेल्यावर तिने मला विचारलं, "आक्का, मशीनला किती लाईट लागती ओ?"

बद्रीनाथ तिथेच टायरवर बसला होता. म्हणाला, "जास्त न्हाई लागत. काकू, परळीच्या एका बँडवाल्यानं गाडीतच इन्व्हर्टर बसवलाय. गाडीच्या बॅटरीवर त्याचा कीबोर्ड चालतो. मग आपलं मशीन कावून चालणार न्हाई?"

"बँड लावून दूध काढायचं का आता?" रुक्मिणीबाई म्हणाली. रुक्मिणीबाईच्या म्हशी संस्थेत सगळ्यात जास्त आणि जीभ त्याहून जास्त.

पण बद्रीनाथचं म्हणणं मला पटलं. वडवणीत धुळाजी नावाचा मोटारी भरणारा, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा होता. एरवी त्याच्या दुकानासमोर अशा मोटारींची रांग असायची. त्या दिवशी गेलो तर दुकान रिकामं आणि धुळाजी खुर्चीवर पाय घेऊन पेपर वाचत बसलेला.

"काय धुळाजी, काम न्हाई का?"

"विहिरीत पाणी न्हाई तर मोटार चालंल कशी, आन चालली न्हाई तर जळंल कशी?" तो म्हणाला. "देवानं आमचंबी दुकान कोरडं पाडलंय, आक्का."

काम मिळाल्याचा त्याला इतका आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी तो इन्व्हर्टर घेऊन गावात हजर. मी समोर बाज टाकून सगळं बघितलं. आधी त्याने बॅटरीची वायर सोडवली. मग सीटच्या मागे फळी ठोकून तिच्यावर तो डबा बोल्टने आवळला. बॅटरीपासून डब्यापर्यंत बोटाएवढी जाड लाल केबल नेली, बॅटरीजवळ तिला फ्यूज घातला, काळी केबल बसवायला गाडीच्या पत्र्याचा रंग खरवडला. बद्रीनाथचा जीव त्या खरवडण्याने खालीवर होत होता.

"अबे, नवा रंग दिलता दिवाळीला!"

"रंगातून करंट जात न्हाई बे. लोखंडाला लोखंड भिडू दे."

सगळं झाल्यावर बायकांनी हळदकुंकू काढलं. रुक्मिणीबाई नारळ घेऊन पुढे झाली आणि तो थेट डब्यावरच आपटणार, तेवढ्यात धुळाजी मध्ये पडला. "मावशे, हा देव पाण्याचा न्हाई! पाणी लागलं की खलास. चाकावर फोडा." मग चाकावर नारळ फुटला आणि पिकअपच्या आत फॅटच्या मशीनचा हिरवा दिवा लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोबरं वाटताना धुळाजी पुन्हा पुन्हा बजावत होता, "एक ध्यानात ठिवा. मशीन चालू हाय तवर गाडीचं इंजिन चालू पाहिजे. न्हाईतर बॅटरी बसंल." आम्ही खोबरं चावत माना हलवल्या.

पहिल्या सकाळी छावणीत आमची पिकअप मध्यभागी उभी राहिली. इंजिन घरघरतंय, मशीन चालू, काट्यावर आकडे पळतायत. बायकांनी आणलेल्या दुधाला चांगली फॅट लागली आणि त्या आकड्यांवर त्यांचाच विश्वास बसेना. खाजगी दूधवाला लांबून बघत उभा राहिला. रुक्मिणीबाईने त्याला हाक मारली, "या की, बोट बुडवायला!" तो आला नाही.

पण आनंद तासाभराचा. म्हशींनी दूध चोरलं! इंजिनाची घरघर सुरू झाली की कान टवकारायच्या, पाय आपटायच्या आणि पान्हाच सोडायच्या नाहीत. दोन दिवस असे गेल्यावर रुक्मिणीबाई रिकामी बादली घेऊन बद्रीनाथसमोर उभी राहिली.

"बंद कर ते डबडं! म्हशी भेत्यात."

"मामी, धुळाजीनं सांगितलंय इंजिन बंद करायचं न्हाई."

"धुळाजीनं कधी म्हैस पिळली हाय का?"

बद्रीनाथने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. म्हशी पान्हावल्या आणि मशीनही तसंच चालत राहिलं. येता-जाता रस्त्याने बॅटरी थोडीफार भरत असणार. आम्हाला वाटलं, धुळाजी उगाच भीती घालत होता. मग छावणीतल्या लोकांना कळलं, की या डब्यावर मोबाईलसुद्धा चार्ज होतो. रोज गाडीतून चार्जरच्या वायरी लोंबायला लागल्या. बद्रीनाथला कुणी नाही म्हणू देईना. पोटापाण्याला गेलेल्या माणसांशी बोलायला तेवढाच एक मार्ग होता.

फक्त एका म्हशीला इंजिनाचं काही वाटायचं नाही, ती शिवकन्याची मोरी. तिची जागा छावणीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. पेंडीची पोती पिकअपमधूनच यायची, आणि गाडी वळून उभी राहते न राहते तोच बद्रीनाथ पहिलं घमेलं शिवकन्याला भरून द्यायचा. मोरीला गाडीचा आवाज लांबून कळायचा. ती रस्त्याकडे मान लांब करून हंबरायची. आम्ही त्यावर हसायचो, "मोरीचा पाव्हणा आला!"

सुपरवायझर आले त्या सकाळी मी नवं लुगडं नेसून गेले होते. साहेबांनी खुर्ची मागितली, पेन काढलं आणि म्हणाले, "प्रत्येक नमुना दोनदा लावा. मला फरक बघायचाय." इंजिन बंद, मशीन दुप्पट कामाला, आणि मागे वायरींना लोंबणारे मोबाईल. थोड्या वेळात डबा टी टी असा ओरडला. हिरवा दिवा विझला. काटा विझला.

बद्रीनाथने किल्ली फिरवली. गाडीने एक कण्हणं काढलं आणि तीही गप्प झाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, हे चालतं म्हणता?"

मी शिवकन्याकडे बघितलं. ती बादली हातात घेऊन तशीच उभी होती. मी म्हणाले, "साहेब, चहा घ्या. चहा पिऊन होईपर्यंत गाडी चालू झाली नाही, तर तुम्ही लिहायचं ते लिहा."

"ढकला रे!" बद्रीनाथ ओरडला. चार माणसं लागली, पण छावणीची जमीन भुसभुशीत, कॅनांनी भरलेली गाडी हलेना. तेव्हा रुक्मिणीबाईचे मालक आसाराम बाजेवरून उठले. "बैलं कशाला बांधून ठिवलीत मग? दोन म्हयने नुसता कडबा खातेत सरकारी."

त्यांनी आपल्या पोशा आणि हौशा या बैलांच्या मानेवर जू ठेवलं, नाडा पिकअपच्या पुढच्या हुकाला बांधला. बैलांनाही काम बघून आनंद झाला असावा. आसाराम "हैऽऽ" म्हणाले आणि गाडी निघाली! साहेब चहाची बशी हातात धरून खुर्चीवरून उठून बघायला लागले. बद्रीनाथने दुसरा गियर टाकून क्लच सोडला, गाडीने एक धक्का खाल्ला, काळा धूर सोडला आणि इंजिन घरघरलं. बैल बिथरले, आसाराम नाड्याला लोंबकळत कडब्याच्या गंजीपर्यंत गेले. पण हसत गेले.

दिवा हिरवा झाला. मोबाईलच्या वायरी मी स्वतः उपटल्या.

"म्हशी भेल्या तरी आता इंजिन बंद करायचं न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.

"मग राहिलेल्या म्हशी?" साहेब म्हणाले. "ताजं दूध काढून माझ्यासमोर लावा. आवाजात म्हशी दूध देतात का, तेच मला बघायचंय."

रुक्मिणीबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. शिवकन्या मात्र गाडीकडे चालत गेली, घमेल्यात पेंड घेतली आणि मोरीपुढे ठेवली. मोरी आधीच गाडीकडे मान करून उभी होती. शिवकन्या खाली बसली. दोनदा सडांना हात लावला आणि बादलीत धार वाजली. इंजिनाच्या घरघरीतसुद्धा ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

फॅट लागली, तीसुद्धा चांगली. साहेबांनी दोनदा लावून बघितली. मग पेनाचं टोपण काढलं आणि संस्था चालू ठेवायला हरकत नाही असं लिहून दिलं.

"मोरीला येतंय ते माझ्या म्हशींना का येऊ नये?" रुक्मिणीबाई त्याच दिवशी म्हणाली. दुसऱ्या सकाळपासून आम्ही नियमच केला: आधी इंजिन, मग पेंड. आठवडाभरात सगळी छावणी घरघर ऐकली की हंबरायला लागली.

पावसाळ्यात छावणी उठली, गुरं गोठ्यात आली आणि नवंच खूळ उभं राहिलं. गाडीचा आवाज आल्याशिवाय म्हशी पान्हावेनात. बद्रीनाथ रोज सकाळी गल्लोगल्ली रिकामी पिकअप फिरवायचा. रुक्मिणीबाईने शेवटी मोबाईलवर इंजिनाचा आवाज भरून घेतला आणि तो म्हशीच्या कानाशी धरायला लागली. धुळाजीने कधी म्हैस पिळली का, हे ती पुन्हा बोलली नाही.

धुळाजीचं दुकान पाऊस पडल्यावर पुन्हा मोटारींनी भरलं. पण मागून त्याने गाड्यांचे इन्व्हर्टर बसवायचाच धंदा धरला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आमच्या छावणीची गोष्ट सांगतो असं कानावर येतं. बद्रीनाथने स्वतःची पिकअप घेतली. तिच्यावर मागे "मोरीचा पाव्हणा" असं रंगवलंय. आसाराम गेले, त्यांचे बैल त्यांच्या आधी गेले. रुक्मिणीबाई आहे, जीभही आहे. सुपरवायझर साहेब निवृत्त होऊन बीडला राहतात. एकदा लग्नात भेटले, तर पहिला प्रश्न म्हशीचा.

मोरी पुष्कळ जगली. तिच्या नाती शिवकन्याच्या गोठ्यात आहेत. शिवकन्याचा नवरा पुढच्याच सालापासून कोयता सोडून घरी राहिला, आणि माझ्यानंतर संस्थेची अध्यक्ष शिवकन्या झाली. तिचा कोयता तिच्या गोठ्यात आढ्याला खोचलेला असतो. म्हशींना चाऱ्यासाठी उसाचं वाडं तोडायला लागलं तरच ती तो खाली काढते.