बंद खिडकीचं पान

मंगळवारी दुपारपर्यंत दुकानात एकही फोन आला नाही. फोनच बिघडला असेल असं समजून वहिनींनी दिराच्या मोबाइलवरून स्वतःचा नंबर लावून पाहिला. फोन खणखणीत वाजला.

गॅस गिझर दुरुस्त करणाऱ्या बाई म्हणून त्यांचं नाव झालं होतं. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच चालवलं. एका टेबलावर त्यांचे बर्नर, तारेचे ब्रश, गळती तपासायचं साबणाचं पाणी. दुसऱ्या टेबलावर धाकट्या दिराचा लॅपटॉप. नऊ वर्षांत वहिनींनी वेबसाइटवर ऐंशी लेख लिहिले होते, गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगावं तसे. कोणीही ‘गिझर पेटत नाही’ असं शोधलं की यांचंच पान सगळ्यांत वर यायचं. लांबलांबून फोन यायचे.

“सर्च इंजिनने अल्गोरिदम बदललाय,” दीर म्हणाला. “कोणाला वर दाखवायचं, कोणाला खाली, त्याची मोजपट्टीच बदलली. काल आपण पहिले होतो. आज अडतिसावे.”

“आपलं चुकलं काय पण?”

“काही नाही हो. नशीब.”

पुढचे तीन दिवस तो खुर्चीतून उठला नाही. मथळे बदलले, फोटो हलके केले, पानं लवकर उघडतील अशी केली. दर तासाला क्रमांक बघायचा. अडतीस. एकेचाळीस. चव्वेचाळीस. डबा तसाच परत जायचा.

“भाऊजी, आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं तर नाही ना चाललंय?” वहिनी म्हणाल्या. तो नुसता वैतागून हसला.

शनिवारी सकाळी हातात काम नव्हतं, म्हणून वहिनी स्वतःच वेबसाइट वाचायला बसल्या. आपले लेख ऐंशी, हे त्यांना पाठ होतं. यादी मात्र संपेचना.

“ही सहाशे पानं कोणाची?”

दिराने मान वर केली नाही. “माझी. म्हणजे, सॉफ्टवेअरकडून लिहून घेतली गेल्या वर्षी. लोक जे जे शोधतात त्या प्रत्येक प्रश्नाला एक पान. त्यामुळेच तर गर्दी वाढली होती आपल्याकडे.”

“वाचली होतीत?”

“...सुरुवातीची दहा-बारा.”

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. त्या पानांवर एकच गोष्ट दहा तऱ्हांनी फिरवून सांगितलेली होती. नव्या मोजपट्टीने अशी भरताड पानं खाली ढकलली, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसे त्यांचे ऐंशी लेखही खाली गेले होते. पण वाचता वाचता वहिनी एका पानाशी थबकल्या आणि क्रमांकाचा विचारच डोक्यातून गेला.

‘ज्योत वारंवार विझते? वारा हे कारण आहे. बाथरूमची खिडकी व झरोका पूर्ण बंद ठेवा.’

कोंडलेल्या बाथरूममध्ये गिझर जळत राहिला की जो विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग. माणूस आतल्या आत बेशुद्ध होतो. खिडकी कधीच बंद करू नका, हे त्यांनी स्वतःच्या पहिल्याच लेखात लिहिलं होतं.

पानाखाली एका वाचकाचा निरोप होता, गेल्या रविवारचा. ‘धन्यवाद. झरोका पुठ्ठा लावून बंद केला, ज्योत आता विझत नाही. फक्त आईचं डोकं अंघोळीनंतर जड होतं. काल चक्कर आली. याचा काही संबंध असेल का?’ सोबत नंबर.

“सहा दिवस झाले याला!”

“मी निरोप पाहिलेच नाहीत, वहिनी. मी क्रमांकच...”

त्यांनी तोवर नंबर फिरवला होता. रिंग वाजून थांबली. पुन्हा. तिसऱ्यांदा एका माणसाने दबक्या आवाजात उचलला. “मीटिंगमध्ये आहे, नंतर बोला.”

“ठेवू नका! गिझरच्या वेबसाइटवरून बोलतेय. तुमची आई कुठे आहे?”

“घरी. का?”

“अंघोळ झाली त्यांची?”

“आत्ताच बोललो, अंघोळीलाच निघाली होती...”

“घरात दुसरं कोण?”

“कोणी नाही. मी तासाभराच्या अंतरावर आहे. झालंय काय?”

“त्या बाथरूममध्ये विषारी वायू साठतोय. आमच्या पानावर चुकीचं लिहिलंय. शेजाऱ्यांकडे किल्ली आहे? त्यांना पळवा. आधी बाथरूमचं दार उघडा म्हणावं, आईंना बाहेर ओढा, खिडक्या उघडा, लगेच दवाखान्यात न्या. आत थांबू नका म्हणावं!”

फोन कटला. वहिनी उभ्याच राहिल्या. दीर काही बोलायला गेला, त्यांनी हातानेच गप्प केलं. पाच मिनिटं. आठ. दुकानात कोणी नळाला वॉशर आहे का विचारायला आलं. दोघांचीही नजर फोनवरच होती, तो माणूस बिचकून निघून गेला.

अकराव्या मिनिटाला फोन आला. “काढली बाहेर. स्टुलावर बसून होती, हाक मारली तर ओ देईना. आता उलट्या होतायत, पण बोलतेय. शेजारणीला म्हणाली, मेले, टॉवेल तरी द्यायचास.”

वहिनींनी फोन ठेवला.

“पानं काढा,” त्या म्हणाल्या.

“सगळी एकदम काढली तर साइट आणखी खाली...” दीर बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तोंडावर हात दाबून तो रडला. मग डोळे पुसले आणि सहाशेच्या सहाशे पानं काढली.

पहिल्या पानावर वहिनींनी ठळक लिहिलं: आमच्या एका पानावर जीवघेणी चूक होती, आमचं ऐकून कोणी खिडकी बंद केली असेल तर आत्ता उघडा. काढलेल्या त्या पानाखाली आणखी चौघांचे निरोप आणि नंबर होते, ते आधीच टिपून ठेवले होते; त्यांना स्वतः फोन केले. एकाने शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला. आई घरी आली होती. “तुमच्यामुळे वाचली म्हणू, की तुमच्यामुळेच जाणार होती म्हणू?”

“दोन्ही म्हणा,” वहिनी म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, “गिझर बाल्कनीत हलवायचाय. येता?”

बसने सहा तासांची वाट. दिराला त्यांनी मुद्दाम सोबत नेलं. त्याने म्हातारीसमोर हात जोडले, तेव्हा ती म्हणाली, “आधी काम करा, मग जोडा.”

घरी आल्यावरही वहिनी त्याच्याशी कितीतरी आठवडे कामापुरतंच बोलत. तो आता प्रत्येक ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, आणि त्या “हं” म्हणाल्याशिवाय वेबसाइटवर चढवत नाही. पुढच्या वेळी अल्गोरिदम बदलला तेव्हा ते चौदाव्या क्रमांकावर आले आणि तिथेच राहिले. फोन पूर्वीइतके येत नाहीत. आले की वहिनी आधी खिडकीचं विचारतात.