फुग्याची दाढी

धाकट्याची दारू सुटली, त्याचं धाकट्यापेक्षा दादालाच कौतुक फार. सलूनमध्ये गिऱ्हाईकाच्या मानेभोवती कापड बांधता बांधताच तो सुरू व्हायचा, "आधार द्यावा लागतो हो माणसाला! भाऊ म्हणून मी उभा राहिलो." उभा राहिला खरा, पण दारात आडवा! पिऊन आलेल्या धाकट्याने एका मास्तरांच्या कानाची पाळी कापली होती. मास्तर अजूनही यायचे, पण दादाच्याच खुर्चीत, कानावर हात धरून. धाकट्याच्या खुर्चीवर टॉवेलांचा ढीग. "आधी रीतसर शीक, सर्टिफिकेट आण, मग खुर्ची तुझीच," दादाने चारचौघांत शब्द दिला. मनात म्हणाला असेल, आणतोय कसला!

झालं! उभी हयात दाढ्या करण्यात गेलेला हा बाप्या लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर वर्गात बसला. पहिला धडा फुग्याचा. फुगवलेल्या फुग्याला फेस फासायचा आणि वस्तऱ्याने त्याची दाढी करायची, फुगा न फोडता. याचा फाटकन फुटला, फेस थेट बाईंच्या चष्म्यावर. पोरी खो खो हसल्या. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी अशा वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्या दिवशी ते व्यसनमुक्ती गटाच्या हॉलकडे वळले.

तिथे त्याने हात पुढे केले. दारू गेली होती, थरथर मागे उरली होती.

"थरथर जाते रे," एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला. "तू नुसता येऊन बसत जा. आणि फुगे कसले फोडतोस? हा गाल घे, जुनापुराणा आहे, बिनधास्त चालव."

मग काय, रांगच लागली. ज्यांच्या हाती घरचे साधी किल्ली द्यायचे नाहीत, त्यांनी याच्या वस्तऱ्याखाली गळे दिले! खरचटलं तर तुरटी चोळून पुन्हा हजर.

थरथर हळूहळू गेली, सर्टिफिकेट आलं. दादाने ते फ्रेम करून आरशावर टांगलं, खुर्चीवरचे टॉवेलही उचलले. पण गिऱ्हाईक दारात दिसलं की डोळ्यांनी हळूच आपल्याच खुर्चीकडे खूण करायचा. दुधाने पोळलेला माणूस, ताक फुंकणारच म्हणा! धाकटा रिकाम्या खुर्चीमागे उभा राहून तेच तेच कंगवे पुसायचा. पुन्हा जुनी तहान लागायला लागली, आणि तो मनातून पुरता घाबरला.

हे वहिनीने बरोबर ओळखलं. दादाचा डबा घेऊन आली, तेव्हा दुकान भरलेलं होतं.

"अहो, भावावर एवढा भरवसा ना तुमचा? मग दाढी केवढी वाढलीय बघा. बसा की!"

आता आली का पंचाईत! दादा हसत हसत बसला, पण खुर्चीचे हात घट्ट धरून. धाकट्याने फेस लावला, वस्तरा उघडला आणि थांबला. त्याचा हात स्थिर होता. दादाची मान मात्र लटलट कापत होती.

धाकट्याला हसू आलं नाही, भावाची मायाच आली. त्याने दादाच्या कपाळावर तळवा टेकवला.

"थरथर जाते रे दादा. तू नुसता बसून राहा."

दादाने डोळे मिटले. वस्तरा गळ्यावरून अलगद फिरला.

बाकावरून मास्तर उठले. "यांच्यानंतर मी," ते म्हणाले. "पण फक्त दाढी हं. कानाकडे फिरकायचं नाही."

आणि त्यांनी कानावरचा हात काढला.