यंत्राची चूक

पत्ते खेळायला चार माणसं लागतात, हे बाईंचं ठाम मत होतं. एकट्यानं पत्ते खेळणं म्हणजे आरशाशी भांडण उकरून काढणं, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या, आणि ऐकवताना त्यांचा डोळा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्याकडे असायचा. तिथे कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ त्यांचे यजमान एकटेच पत्ते खेळत बसलेले असत.

बाई म्हणजे शिवणाच्या बाई. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिवण शिकवलं, तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते. यजमान वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडायचे, दांडी मारणाऱ्याला जागच्या जागी धरायचे. दुकानदारांनी त्यांचं नाव काटेसाहेब ठेवलं, ते नोकरी सुटली तरी सुटलं नाही. आणि का सुटावं? माणूस घरातही तसाच! आपण भाजी चिरत असताना मागे उभा राहून "हा तुकडा मोठा झाला हं" म्हणणारा नवरा जिच्या वाट्याला आला असेल, तिलाच कळेल तो काय ताप असतो ते. तसे मनानं सोन्यासारखे. पण सोन्यासारखा माणूस चोवीस तास खांद्यामागे उभा असला की जीव नकोसा होतो.

आणि हे सगळं असं असताना, या पत्त्यांना नावं ठेवणाऱ्या बाई गेली तीन वर्षं रोज दुपारी चोरून तेच पत्ते खेळत होत्या.

सुरुवात साधीच झाली. एवढं त्यात आहे तरी काय, ते एकदा बघून घ्यावं, म्हणजे नावं तरी नीट ठेवता येतील, म्हणून एका दुपारी त्या खुर्चीत बसल्या. काटेसाहेब दोनच्या ठोक्याला आडवे होत ते चारला उठत. मधल्या वेळात घरावर डोंगर कोसळला असता तरी त्यांनी कूस बदलली नसती. बाई पहिला डाव हरल्या. दुसराही हरल्या. तिसरा सुटला आणि पडद्यावर पत्ते कारंज्यासारखे उसळले. झालं! त्या दिवशी चहाचं आधण चारला पाच मिनिटं असताना धावतपळत चढलं.

मग रोजचंच झालं. कधी एक डाव, कधी तीन. उठताना खुर्ची होती तश्शी, माऊस होता तिथे, वर झाकण्याचं कापड. चोरालाही इतकं जमलं नसतं. खरं सांगायचं तर पत्त्यांपेक्षा त्यांना ती वेळ आवडायची. तेवढ्या वेळात "अगं" म्हणून कोणी हाक मारत नव्हतं, काही शोधून मागत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे कोणी काही शिकवत नव्हतं. चुकलं तर आपलं, जमलं तर आपलं. काटेसाहेबांना कळलं असतं तर ते रागावले नसते, उलट आनंदानं स्टूल ओढून शेजारी येऊन बसले असते. बाईंना भीती त्या स्टुलाचीच होती.

आणि यंत्र मोजणी ठेवायचं. किती डाव खेळले, किती जिंकले, टक्के किती. दोघांचं एकाच ठिकाणी, सरमिसळ. त्यात आपलं किती, हे बाईंना माहीत नव्हतं. पण पंचेचाळीसचे शेहेचाळीस टक्के झाले ते कोणाच्या जिवावर, हे पक्कं माहीत होतं. बाजारात चालता चालतासुद्धा तो आकडा आठवून त्या मनातल्या मनात हसायच्या. आयुष्यभर हजारो ब्लाऊज बेतले, त्याची मोजणी कोणी ठेवली होती? ही ठेवलेली होती.

मग धाकट्या लेकीचा चेहरा दिसेनासा झाला. धाकटी परगावी असते आणि दर रविवारी दुपारी दोनला व्हिडिओवर बोलते. त्या दिवशी काटेसाहेब झोपत नाहीत. एका रविवारी तिच्या चेहऱ्याऐवजी पाटी आली: तुमचा कॉम्प्युटर फार जुना झाला, इथे हे चालणार नाही. थोरली इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळते. तिनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऑपरेटिंग सिस्टीमच बदलायला हवी. शनिवारी येते. तोवर कशाला हात लावू नका, बाबा."

शनिवारी नाश्ता होताच ती आली. पिशवीतून एक छोटी डिस्क आणि एक पेनड्राइव्ह काढला, मशीनचं झाकण उघडून आतली धूळ फुंकली, आणि बाहेर पडलेला ढीग बघून म्हणाली, "आई, यात एक उशी भरेल." मग फोटो, कागदपत्रं, पत्रं असं सगळं डिस्कवर उतरवायला लावून ती स्वयंपाकघरात चहाला आली.

बाई कप विसळत होत्या. विसळलेलाच कप परत विसळत होत्या.

"हे नवीन टाकताना जुनं राहतं ना गं?"

"नाही, पार पुसून टाकणार. घासूनपुसून कोरं करायचं आणि वर नवं. म्हणून तर आधी सगळं काढून घेतेय."

"आणि ते..." बाईंनी कप पालथा घातला. "ते तुझ्या बाबांचे पत्ते?"

"तो खेळ नव्यात नाहीच. दुसरा मिळेल, पण आकडे जातील. शून्यापासून सुरुवात." थोरली हळू आवाजात म्हणाली, "बाबांना वाईट वाटेल ना?"

"त्यांना वाटेलच," बाई म्हणाल्या. आणि आपल्यालाही वाटतंय म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. या वयात, एका आकड्यासाठी! पण वाटायचं ते वाटलंच. बोलावं तर चोरी उघडी पडणार आणि उद्यापासून शेजारी स्टूल. न बोलावं तर तीन वर्षं पाण्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या दोघी बाहेर आल्या तर काटेसाहेब टेबलापाशी ताठ उभे. हातात शाळकरी मुलांची असते तसली वही.

"बाबा, एक सांगायचं होतं. तुमच्या पत्त्यांचे आकडे..."

"जाणार ना? जाऊ देत! बरीच पीडा जाईल. हे यंत्र खोटं मोजतं."

"खोटं?"

"बस, दाखवतो." त्यांनी वही उघडली. सगळी पानं आखलेली, रकाने बारीक अक्षरांत भरलेले. "मी पहिल्या दिवसापासून माझे डाव स्वतः लिहून ठेवतो. यंत्रावर विसंबून राहायचं नसतं, ताडून बघायचं असतं. हे बघ, रोज संध्याकाळी मी बसतो तर मोजणीत एक-दोन-तीन डाव जास्त. न खेळलेले! जिंकलेलेही तसेच. म्हणून इथे हा रकाना केला."

रकान्यावर लिहिलं होतं, 'यंत्राची चूक'.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या खिडकीपाशी सरकल्या.

"आणि चूक करतं तीही माझ्याच बाजूनं," काटेसाहेब आता रंगात आले होते. "माझे खरे बेचाळीस टक्के, आणि हे दाखवतं शेहेचाळीस! मला कशाला हवेत फुकटचे चार टक्के? फायद्याचा असला तरी खोटा काटा तो खोटाच. बरं, चुकीला काही शिस्त असावी! रविवारी चूक नाही."

"रविवारी नाही?" थोरलीनं मान वर केली.

"एकाही रविवारी नाही. आणि गेल्या वर्षी, हे बघ, सलग दहा दिवस एकही चूक नाही. मी शेरा मारून ठेवलाय: हवा थंड होती, यंत्र तापलं नसावं."

थोरलीनं तारखा वाचल्या. त्याच दहा दिवसांत आई मावशीकडे गेली होती. तिनं हळूच आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती. थोरलीला हसू असं दाटून आलं की तिला खोकल्याचं निमित्त करावं लागलं. पण ती बोलली मात्र नाही. पोरगी शहाणी.

"मग पुसू का, बाबा?" तिनं पडद्याकडे वळून विचारलं, जरा मोठ्यानंच. "एकदा बटण दाबलं की परत येणार नाही. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

"पूस, पूस. खोट्या मापाची दया कसली!"

ते ऐकलं आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर म्हटलं असतं तर एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण खोटं माप? एकेक डाव डोकं फोडून सोडवला होता त्यांनी!

"थांब गं!" बाई म्हणाल्या. "ती यंत्राची चूक नाही. ती मी आहे."

काटेसाहेबांना आधी अर्थच लागेना. "तू म्हणजे?"

"मी म्हणजे मी. दुपारी तुम्ही झोपलात की खेळते. तीन वर्षं झाली. करा काय करायचं ते."

काटेसाहेब खुर्चीत बसले, चष्मा पुसला, वही पुढे ओढली आणि 'यंत्राची चूक' या रकान्याची बेरीज करायला लागले. पानं उलटताना ओठ हलत होते. एकाही आकड्यावर त्यांनी घाई केली नाही. बाईंना वाटलं, आता बोलले तर बरं, ओरडले तरी चालेल. पण हिशेब पुरा झाल्याशिवाय हा माणूस कशाला तोंड उघडेल!

"एकूण डाव एकोणीसशे चार," ते शेवटी म्हणाले. "जिंकलेले एक हजार सहासष्ट. छप्पन्न टक्के." मग वहीकडेच बघत म्हणाले, "माझे बेचाळीस."

"अगंबाई," थोरली पुटपुटली.

"छप्पन्न?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. आवाजातला आनंद लपता लपेना, आणि लगेच नवऱ्याचा उतरलेला चेहरा दिसला.

"मला सांगितलं का नाहीस?"

आता उघडं पडलंच होतं, तर अर्धंमुर्धं कशाला? "तुम्ही स्टूल घेऊन शेजारी बसला असतात."

"बसलो असतो."

"राणी आधी हलव, म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," काटेसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"तेच नको होतं मला. सगळं घर तुमच्या नजरेखाली चालतं. मला दुपारचं तेवढंच हवं होतं."

काटेसाहेबांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. फार वेळ उभे राहिले. बाईंना एकीकडे मोकळं वाटत होतं, डोक्यावरचं भरलेलं घमेलं उतरल्यासारखं. दुसरीकडे नजर सारखी गॅलरीकडे जात होती. चार शब्द बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. हा न बोलणारा नवरा त्यांच्या सवयीचा नव्हता.

थोरलीनं बटण दाबलं. जुनं गेलं. मशीन बंद झालं, चालू झालं, पुन्हा बंद झालं. पडद्यावर टक्के चढत राहिले. दुपारची जेवणं झाली तरी चढतच होते. शेवटी निळसर पडदा उजळला आणि नव्या सिस्टीमनं विचारलं, हा कॉम्प्युटर कोण वापरणार?

"इथे नावं द्यायची," थोरली म्हणाली. "प्रत्येकाचं खातं वेगळं, खेळाची मोजणीही वेगळी. किती करू?"

"दोन कर," काटेसाहेब मागून म्हणाले. "आणि तिच्या खात्याला पासवर्ड लाव. मला सांगू नका."

रविवारी धाकटी दिसली, बोलली, आणि "तुम्ही दोघं एवढे गप्प का?" असंही विचारून झालं. थोरली संध्याकाळी निघून गेली.

सोमवारी दुपारी दोनला काटेसाहेब आडवे झाले. बाईंनी ओटा पुसला, भांडी लावली, उगाच डबे सरळ केले. आता काही चोरी उरली नव्हती, तरी पाय उचलेना. कळलेल्या गोष्टीत ती जुनी मजा राहते का, कोण जाणे. शेवटी त्या बसल्या, पासवर्ड टाकला, डाव मांडला. खेळलेले शून्य, जिंकलेले शून्य.

डाव बरा चालला होता. मग अडला. लाल दश्शी मोकळी होती आणि काळी नव्वी कुठे दिसेना. बाई विचार करत होत्या तोच आत पलंग करकरला. पावलं आली आणि दारात थांबली.

घड्याळात अडीच वाजले होते. इतक्या वर्षांत हा माणूस चारच्या आत कधी उठला नव्हता. म्हणजे झोपलेच नव्हते. बाईंनी मागे पाहिलं नाही. माऊसवरचा हात तसाच ठेवला. काटेसाहेबांनी मोठा श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला, बोलायच्या आधी घेतात तसा. त्यांना नव्वी दिसली असणार. स्टूल हाताच्या अंतरावर होतं.

"काय?" बाईंनी विचारलं.

तो श्वास सावकाश बाहेर पडला.

"कुठं काय," काटेसाहेब म्हणाले. "मी झोपलोय."

पावलं परत गेली. पलंग पुन्हा करकरला. बाईंचे डोळे असे भरून आले की पडद्यावर लाल कुठलं आणि काळं कुठलं तेच कळेना, आणि नव्या खात्यातला पहिलाच डाव त्या हरल्या.