सुगंधाचा होकार

दिनांक ११ नोव्हेंबर १९५७, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. परीक्षेच्या खडकावर बारा मुले ओळीने बसली होती आणि बाराव्या जागेवरच्या सुगंधाच्या हातात स्वयंपाकीण गंगूआक्का पेजेचा वाडगा कोंबत होती.

"गरम आसा तवसर पी. आणि आज तरी आवाज राखून ठेय गो. सगळ्यांका वाटून मोकळी जाव नको."

"वाटतंय खंय? मागतत म्हणान देतंय."

"मगे तुझ्या बापाशीची होडी काळोखात घराक कोण हाडतलो? ह्यो हरिश्चंद्र?"

"मी हाडतंय," पलीकडून हरिश्चंद्र म्हणाला, "पण तेंका माझ्या कुर्ल्यांच्या मागसून येवक व्हया."

मालवणच्या किनाऱ्यासमोरच्या एका लहान बेटावर ही दर्याची शाळा होती. शिक्षणखात्याच्या यादीत तिचे नाव नव्हते; पण किनाऱ्यावरच्या घरांतून एखादे मूल तिकडे धाडले जाण्याचे कुणाला नवलही वाटत नसे. तिथली जादू गाऱ्हाण्याची होती. एकाने दर्यासमोर उभे राहून मागणे मांडायचे आणि दुसऱ्याने ते ऐकून "होय म्हाराजा" म्हणायचे. गावच्या देवळात अख्खा गाव होकार भरतो. शाळेच्या परीक्षेत मात्र होकार देणारा एकच असे आणि तो परीक्षा देणाऱ्याने निवडायचा असे. होकार मनापासूनचा असला तरच पाणी हले. असा प्रत्येक होकार देणाऱ्याच्या गळ्यातून थोडा आवाज घेऊन जाई. एरवी तो आठवड्याभरात भरून येई. पण आवाज पार तळाला गेला तर तो परत येईलच, असे कुणी छातीठोक सांगत नसे.

परीक्षा आयुष्यात एकदाच. जो उत्तीर्ण होई, त्याचे दर्या जन्मभर ऐकत असे.

सुगंधाचे मागणे पाच वर्षांपासून ठरलेले होते. आरोंद्याला तिचे वडील, आबा, होडीवर पोट भरत. पण तिन्हीसांजा झाल्या की त्यांना दिसेनासे होई. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे. त्याच्यावर होडी दोनदा चढली होती. तिसऱ्यांदा चढली तर ती विकायची, असे घरात ठरले होते. आबांच्या वल्ह्याभोवती पाणी उजळावे, एवढेच तिला मागायचे होते.

जवळच्या गावची मुले आधी, लांबची नंतर, असा क्रम होता. त्यामुळे कुणकेश्वरची रुक्मिणी अकरावी आणि आरोंद्याची सुगंधा बारावी. मुख्य गुरू माई पाटावर बसल्या. एकामागून एक मुले उठली आणि होकारासाठी प्रत्येकाने सुगंधाचेच नाव घेतले. त्यामागे लबाडी नव्हती. तिला खोटे "होय" म्हणता येत नसे, हे पाच वर्षांत सर्वांना ठाऊक झाले होते.

तिच्या होकारावर एकाने ओहोटीची लाट जागच्या जागी थोपवली. दुसऱ्याने आपली सावली पाण्यावर अंथरली आणि तिच्यावर बसून तो बेटाला वळसा घालून आला. हरिश्चंद्राने कुर्ल्या, म्हणजे तिरके चालणारे खेकडे, सरळ चालवल्या. वाळूवर पलटणीसारखी त्यांची रांग निघाली.

"ह्याचो उपेग काय रे?" गंगूआक्काने विचारले.

"काय नाय. पण बघ तरी कश्यो चलतत."

माईसुद्धा पदराआड हसल्या. सुगंधाही हसली, तेव्हा तिला कळले की आपले हसणे आता केवळ वाऱ्यासारखे ऐकू येते.

दुपार कलली. रुक्मिणी उठली. तिच्या घरची विहीर समुद्राने खारी केली होती. खडकाच्या खळग्यातले समुद्राचे पाणी गोडे करून दाखवायचे होते. ते जमले तर विहीरही जमणार होती. तिने मागणे मांडले. सुगंधाने तोंड उघडले आणि तिला वाळूचा दांडा आठवला. तिने होकार घशाच्या वरच्यावर दिला.

रुक्मिणीने खळग्यात बोट बुडवून चाखले. "खारटच आसा."

"पुन्हा एकदा मांडता येईल," माई म्हणाल्या. "तेवढी मुभा आहे. मांडणार?"

"मांडतंय... मांडते, माई."

मग ती सुगंधाकडे वळून हलकेच म्हणाली, "तुझो आवाज सरत इलो असात तर ऱ्हवांदे गो. मी हरिश्चंद्राक सांगतंय."

तिने दोष दिला असता तर सुगंधाला सोपे गेले असते. ती रुक्मिणीचा हात धरून उठली. रुक्मिणीने पुन्हा मागणे मांडले.

"होय म्हाराजा."

तो आवाज खडकावरून निघून पाण्यावर कितीतरी वेळ चालत राहिला. दूरच्या डोलकाठ्यांवरचे पक्षी उडाले. खळग्यातले पाणी एकदा थरथरले आणि काचेसारखे स्थिर झाले. रुक्मिणी ओंजळीने प्यायली, तशीच ओली ओंजळ तिने सुगंधाच्या तोंडाला लावली. पाणी शहाळ्यासारखे होते.

मग सुगंधाची पाळी आली. होकारासाठी तिने रुक्मिणीकडे बोट दाखवले आणि दर्याकडे तोंड करून ओठ हलवले. अथपासून इतिपर्यंत सगळे मागणे तिने मांडले. आवाज मात्र फुटला नाही.

"होय म्हाराजा," रुक्मिणी म्हणाली.

"तू ऐकलेस?" माईंनी विचारले.

"नाही, माई."

"न ऐकलेल्या मागण्याला दिलेला होकार धरता येत नाही."

तेवढ्यात मागून हरिश्चंद्र म्हणाला, "होय म्हाराजा." त्याच्यामागून उरलेले सगळे म्हणाले. माईंनी त्यांना थांबवले नाही. खडकाभोवतीचा समुद्र जसा होता तसाच राहिला. बराच वेळ वाट पाहून माई उठल्या, सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवून निकालाच्या फळ्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आबा होडी घेऊन आले. निकाल त्यांना गंगूआक्काने सांगितला. वाटेत ते वेंगुर्ल्याच्या बाजारभावाबद्दल बोलत राहिले. तिन्हीसांजेला खाडीचे तोंड आले, तेव्हा त्यांनी शीड उतरवले आणि चाचपडत वल्हे घेतले.

"शाळेत सगळ्यांका होय म्हटलंस. आता बापाशीक डावो-उजवो सांग बघूया."

सुगंधाने पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. डावीकडे वळायचे तर डाव्या, उजवीकडे तर उजव्या. अशी ती दोघे दांड्याच्या जवळ आली.

आबांनी वल्हे मारले आणि तसेच वर धरले. त्याच्या पात्यावरून निळसर उजेडाचे थेंब गळत होते. जिथे थेंब पडत, तिथे पाणी उजळत होते. पुढे दांड्याची कड आणि तिच्या बाजूची मोकळी वाट स्वच्छ दिसत होती. सुगंधाने मागितलेले पाणी खडकाभोवतीचे नव्हतेच, ह्या वल्ह्याभोवतीचे होते.

"सुगंधा," आबा हळू म्हणाले, "माका तुझा तोंड दिसता गो."

तिने उत्तर देण्यासाठी ओठ उघडले, मग मिटले आणि मान हलवली. आबांनी ती हललेली पाहिली. गुडघ्यावरचा तिचा हात त्यांनी काढला नाही. होडी आपल्याच उजेडातून आत गेली.

शाळेच्या फळ्यावर त्या वर्षीचा निकाल तसाच राहिला: बसले बारा, उत्तीर्ण अकरा.