चाकांवरचं पाणी

गळक्या शेडमध्ये चारही टायर बसलेल्या अवस्थेत उभी असलेली मी एक जुनी जीप आहे. मित्रांनो, माझ्या सीटवर आता कोंबड्या अंडी घालतात. उद्या भंगारवाला येणार आहे. पण एकदा माझीही पूजा झाली होती. त्या पूजेचीच ही कथा.

माझा जन्म जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या कारखान्यातला, १९५८ सालचा. आधी लष्करात चिखल तुडवला. मग कायझर्सलाउटर्नजवळच्या लेन्ट्स नावाच्या वाटाड्याने मला घेतलं. तिथल्या रानात तांबड्या दगडाच्या खोल घळी आहेत आणि जुन्या खाणींची वाळूच वाळू. 'जर्मनीतलं वाळवंट' म्हणून लेन्ट्स तिथे पाहुण्यांना फिरवायचा. मी घळ चढून वर आले की लोक टाळ्या वाजवायचे. आणि लेन्ट्स? रोज सकाळी आधी माझ्या रेडिएटरला पाणी पाजायचा, मग स्वतः कॉफी प्यायचा.

१९६४च्या ऑगस्टात हॅनोव्हरहून श्रीरंग आणि कुसुम हे जोडपं आलं. श्रीरंग तिथे डॉक्टरेट करत होता. घराणं मात्र कीर्तनकारांचं. वाटभर तो गात होता आणि घळी त्याच्यामागे टाळकऱ्यांसारखा सूर धरत होत्या. लोखंडाला कान नसतात असं कोण म्हणतं?

खाणीच्या तळाशी आम्ही थांबलो. पुढे वाळूची खडी चढण. लेन्ट्स रस्ता तपासायला पायी पुढे गेला. कुसुमने त्या चढणीकडे पाहिलं, हात जोडले, मागचा पाण्याचा डबा काढला आणि माझी चारही चाकं धुतली. पर्समधलं कुंकू लावलं, रानफूल वाहिलं.

"अगं, ही काय पोळ्याची बैलजोडी आहे?" श्रीरंग हसला.

"असू दे. आपलं ओझं वाहते ना बिचारी? तुम्ही आरती म्हणा."

"एकादशीच्या पोटी एवढा सूर निघाला तो पुरे. आधी सफरचंदाचा रस दे बघू."

मी मोहरून गेले. जन्मात प्रथमच कुणी माझे पाय धुतले होते. पण ते पाणी माझ्याच घशासाठी राखलेलं होतं, हे त्या माउलीला कसं कळावं?

श्रीरंगने पेला तोंडाला लावला. रसात गांधीलमाशी होती. ती घशात डसली. तो गाणारा गळा बघता बघता सुजला. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"अहो! अहो, बोला ना काहीतरी!"

लेन्ट्स धावत आला. "आल्झो, चला, बसा! इस्पितळ गाठायला हवं!"

निम्म्या चढणीवर मी उकळले. वाफेचा लोट उठला. लेन्ट्सने डबा उचलला, तो रिकामा. "पाणी कुठे गेलं?" कुसुमने माझ्या ओल्या चाकांकडे बोट दाखवलं.

उरलं होतं ते उपासाचं ताक. तिने बरणी पुढे केली.

"रेडिएटरमध्ये ताक? गाडी मरेल!"

"अहो भाऊ, माझा माणूस मरतोय!" ती मराठीतच ओरडली. लेन्ट्सला ते नेमकं कळलं. हात भाजला तरी त्याने झाकण फिरवलं.

ताक नासलं, माझ्या नळ्या तुंबल्या, अंगाची आग आग झाली. मी म्हटलं, पांडुरंगा, माझं इंजिन ने, याचा श्वास ठेव. इस्पितळाच्या दारात पोचले आणि तिथेच जाम झाले, ती कायमची. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्रीरंगला वाचवलं. मला दोरीने ओढत लेन्ट्सच्या या शेडमध्ये आणलं. पुढे मला पाणी कोण कशाला विचारेल?

इतक्या वर्षांनी काल ती दोघं आली होती. श्रीरंगचा आवाज आता फाटक्या पखवाजासारखा झाला आहे. कुसुम म्हणाली, "हिची तहान तशीच राहिली हो." तिने नळावरून बादली आणली आणि माझ्या रेडिएटरमध्ये ओतली.

मित्रांनो, जे तुमचं ओझं वाहतं त्याची पूजा जरूर करा, पण आधी त्याची तहान विचारा. वेळेवर विचारा.

माझा रेडिएटर केव्हाच कुजलेला. तिने ओतलेलं सगळं पाणी खालून वाहून गेलं, आणि जाता जाता माझी पुढची चाकं धुऊन गेलं. श्रीरंगने फाटक्या आवाजात 'रामकृष्ण हरी' म्हटलं. शेडमध्ये सूर धरायला कुणी नव्हतं. मी धरला.