तिसऱ्या पट्टीची करकर

'सेकंड कटिंग' हा बँड धड कंट्री नव्हता आणि धड रॉकही नव्हता. दोन शेतांमधल्या बांधावर त्याने एकतीस वर्षे काढली होती, आणि बांधावर जितके पीक येते तितकेच त्याच्या वाट्याला आले होते. आता एका कंपनीने त्याच्या सहा अल्बममधली बावीस गाणी दोन तबकड्यांवर काढायचे ठरवले. गाण्यांच्या निवडीवरून वाद झाला नाही. वादाला निदान तेवीस तरी चांगली गाणी लागतात, असे गायक लाइल कोस्टरर म्हणाला.

ऑरिन स्टकीची मागणी एकच होती : करकर काढा.

ऑरिन पेडल स्टील वाजवी. टेबलासारख्या मांडलेल्या या गिटारीचे सूर पायाखालच्या पट्ट्या दाबून वर खेचायचे असतात. त्याच्या गिटारीची तिसरी पट्टी दाबली की करकरे. ती पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत ऐकू येत होती. एका समीक्षकाने तिला 'ओसाड शेतघराचे जाळीचे दार' म्हणून गौरवले होते. तेही ऑरिनने सोसले असते. पण पोटापाण्यासाठी तो ट्रॅक्टर दुरुस्त करी. दक्षिण इलिनॉयमधल्या त्या गावात मळणीयंत्र घेऊन आलेला प्रत्येक शेतकरी विचारी, "ऑरिन, हे करकरणार नाही ना? की तूच हात लावणार आहेस?"

दर शनिवारी, कार्यक्रमाआधी, तो त्या पट्टीच्या सांध्यात तेल घाली. पहिल्या गाण्यापर्यंत सांधा कोरडा ठणठणीत होई. त्याने तेल बदलले, ग्रीस लावून पाहिले, सांधाच दोनदा बदलला. आता एकसष्टाव्या वर्षी, आपल्यामागे उरेल त्या वस्तूत तरी तो आवाज नसावा, एवढीच त्याची इच्छा होती.

कंपनीच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनितंत्रज्ञाने कळवले की एकंदर चारशे अकरा करकरी सापडल्या आणि साऱ्या पुसल्या.

रविवारी दुपारी बँडमधले उरलेले तिघे ग्रेचेनच्या स्वयंपाकघरात ऐकायला बसले. ग्रेचेन बँडमध्ये बेस वाजवी. तिचा नवरा लेलंड बँडचा ड्रमर होता. त्याला जाऊन चार वर्षे झाली होती. त्याच्या खुर्चीत आता मांजर बसे.

पहिले गाणे संपले. करकर नव्हती. ऑरिनने केकचा दुसरा तुकडा घेतला. तिसऱ्या गाण्यात लाइलने मान वर केली.

"लेलंड उशिरा येतोय."

"लेलंड कधी उशिरा आला नाही," ऑरिन म्हणाला.

"मग आता कुठून शिकला? ऐक की."

ऑरिनने ऐकले. प्रत्येक ओळीआधी ड्रम केसभर मागे राहत होता. दारात उभे राहून 'या' म्हणण्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखा.

ग्रेचेनने गाणे बंद केले. "उशिरा नाही येत तो. तुझी वाट बघतोय, ऑरिन."

"माझी?"

"त्याचा डावा कान खाणीत सुरुंगानं गेला होता, तुम्ही भेटायच्या आधीच. उजवा निम्मा. एवढ्या गोंगाटात त्याला तुझी ती करकर तेवढी ऐकू यायची. ती झाली की तो काठी मारायचा; करकर होती तोवर मधली फट कळत नव्हती. लाइलला कळलं असतं तर त्यानं दुसरा ड्रमर आणला असता."

"आणला असता," लाइल प्रामाणिकपणे म्हणाला.

"म्हणून मला कायम उजवीकडे बसवायचा," ऑरिन म्हणाला. "मला वाटायचं, मी त्याला आवडतो."

"आवडायचासही."

मग ऑरिनमधला मेकॅनिक जागा झाला. "पण मी तेल घालायचो. दर शनिवारी."

"आणि तो पुसायचा. लायटरच्या पेट्रोलनं. तू सिगारेट ओढायला बाहेर पडलास की."

"पेट्रोलनं! मग वंगण टिकणार कसं?" त्याच्या स्वरात रागापेक्षा सुटका अधिक होती. "मी सांधा बदलला, तेव्हा?"

"तेव्हा रडकुंडीला आला होता बिचारा. नवा सांधा महिनाभर बोलायलाच तयार नव्हता."

"आयोवाचा दौरा! ताल सारखा चुकत होता," लाइल म्हणाला. "मला वाटलं, आपण म्हातारे झालो."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तू कान दुरुस्त करायला निघाला असतास," ग्रेचेन म्हणाली.

ऑरिन खरोखरच निघाला असता.

सोमवारी सकाळी त्याने वर्कशॉपमधून नॅशव्हिलला फोन लावला. मळणीयंत्र घेऊन आलेले दोन शेतकरी शेजारीच उभे होते. त्याने आवाज खाली आणला नाही.

"ती करकर परत घाला."

"मिस्टर स्टकी, तुम्हीच तर तीन पत्रं पाठवली होती. काढा म्हणून."

"हो. आता चौथं समजा."

"सगळ्या घालू? चारशे अकरा? एकोणिसाव्या गाण्यातली फारच मोठी आहे हो. आमचं कुत्रं उठून बसलं होतं."

"ती आधी घाला," ऑरिन म्हणाला. "आणि तबकड्यांबरोबरच्या पुस्तिकेत वाजवणाऱ्यांच्या नावांत एक ओळ वाढवा. लिहून घ्या. करकर : ऑरिन स्टकी. देखभाल : लेलंड फोग्ट."